तेरा वर्षांच्या पिल्लूचे सोळा वर्षांचे मनगट

"हे हाफ?" कंडक्टरने विचारले.

तिकिटाच्या यंत्रावर त्याचे बोट थबकले होते. त्याची नजर पिल्लूच्या बुटांपासून निघाली, मजल दरमजल करत गुडघे, पोट, छाती ओलांडून मिशीपाशी आली आणि तिथेच मुक्कामाला थांबली.

"चौदा वर्षांखालील हाफ," जोडपत्रे म्हणाले. "तसा बोर्डच आहे तुमच्या डोक्यावर."

"बोर्ड मला पाठ आहे साहेब. पण ह्यांना कुठल्या हिशेबानं चौदाच्या खाली बसवू?"

'ह्यांना' हा शब्द जोडपत्र्यांना झोंबला. खुद्द त्यांना ह्याच कंडक्टरने इतक्या वर्षांत 'ओ, पुढे सरका'च्या वर कधी नेले नव्हते, आणि पोटच्या पोराला एकदम 'ह्यांना'!

"काका, मी आठवीत आहे," पिल्लू म्हणाला. खरे तेच म्हणाला, पण म्हणाला ते खर्जात. सगळी बस हसली. "किती वर्षं आहेस आठवीत?" असे मागून कुणीतरी विचारले, तेव्हा बस पुन्हा हसली. जोडपत्र्यांनी दोन फुल तिकिटे घेतली आणि उरलेला सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत केला. वास्तविक ते खिडकीशी बसलेले नव्हते. मध्ये एक बाई होत्या आणि त्यांना ते आवडले नाही.

जोडपत्रे हे काही त्यांचे खरे आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात होते, आणि कागदाला कागद जोडल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून काहीही पुढे जात नसे. नळाला पाणी नाही म्हणून कुणी रडत आला तर ते आधी नळ असल्याचा पुरावा मागत. एकदा सर्दीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकताना त्यांनी अर्जाला डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या दुकानाची पावती आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट अशी जोडपत्रे लावली होती. तेव्हापासून कार्यालयात हे नाव पडले, आणि मनातून त्यांना ते आवडतही असे. "पुरावा कमी पडतो, जास्त कधीच होत नाही," असे ते नव्या कारकुनांना सांगत आणि नवे कारकून चहाला निघून जात.

पिल्लू हे नाव आईने ठेवलेले. ठेवले तेव्हा ते शोभत होते. अगदी गेल्या वर्षीपर्यंत शोभत होते. मग एका उन्हाळ्यात काय झाले कोण जाणे, पोर ताडमाड वाढले. आज घेतलेली विजार पुढच्या महिन्यात घोट्याच्या वर. आवाज फुटला, खांदे रुंदावले, ओठावर मिशी आली. बापाची चप्पल मुलाच्या पायात आली की त्याला मित्रासारखे वागवावे म्हणतात. पण ती चप्पल मुलाला घट्ट होऊ लागली की कसे वागवावे, ह्याबद्दल शहाण्या माणसांनी काही सांगून ठेवलेले नाही. पाणी गाळायची यंत्रे विकणारा एक माणूस दारात आला, त्याने पिल्लूला खुर्चीत बसवून नळी, टाकी, गाळणी सगळे समजावून सांगितले, आणि चष्मा पुसत बाहेर आलेल्या जोडपत्र्यांना म्हणाला, "काका, जरा थांबता का? साहेबांशी बोलतोय."

शाळेतही तीच तऱ्हा. पहिलीपासून पिल्लू आणि फुटाणा एका बाकावर बसत. फुटाणा हा पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा. वयाने पिल्लूपेक्षा महिनाभर मोठाच, पण अजून पिल्लूच्या कोपराशी येत होता. आवाज शिट्टीसारखा, आणि एका जागी उभा राहील तर शपथ. पिल्लू वाढला तसा मागच्या मुलांना फळा दिसेना, म्हणून त्याची रवानगी शेवटच्या बाकावर झाली. फुटाणा पहिल्या बाकावरच राहिला. मधल्या सुट्टीत मुले पिल्लूला 'काका' म्हणू लागली, आणि पकडापकडीत "मोठी माणसं नकोत" म्हणून त्याला घेईनाशी झाली. हे सगळे जोडपत्र्यांच्या कानावर येत होते. पण त्याला पुरावा काय, म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नव्हते.

अशात आंतरशालेय स्पर्धा आल्या. चौदा वर्षांखालील मुलांची लांब पल्ल्याची शर्यत, मैदानाला चार फेऱ्या, प्रत्येक शाळेचे दोन मुलगे. निवडीसाठी पीटीच्या सरांनी टेप लावला. दोन रेघांच्या मध्ये पळायचे, टेपवर 'टूं' वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची, आणि टूं लवकर लवकर वाजू लागते. छातीत दम किती, हृदयाची तयारी किती, हे त्यातून कळते, असे सरांनी पालकसभेत सांगितले होते. पिल्लू चटकन गळाला. तोंड लालबुंद, हात गुडघ्यांवर. फुटाणा मात्र पळतच राहिला. टेप संपला, सर चहाला गेले, तरी तो स्वतःच तोंडाने टूं म्हणत इकडून तिकडे पळत होता. एवढे डोळ्यांनी पाहूनही सरांनी नावे दिली ती अशी: पहिले पिल्लूचे, दुसरे फुटाण्याचे.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात," सर जोडपत्र्यांना म्हणाले. "ह्याचे तर पाळण्याच्या बाहेर आलेत! उंची बघा, छाती बघा. दम काय, तो येईल मागनं. इंजिन मोठं आहे, तापायला वेळ लागणारच."

जोडपत्र्यांचा ऊर भरून आला. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी पळाले असेल तर ते बस पकडायला, आणि तीही बहुधा सुटलेली. घरी येऊन त्यांनी पिल्लूला विचारले, "पळशील ना रे?"

"हो बाबा," पिल्लू म्हणाला. "मला फुटाण्याबरोबर पळायचंय."

जोडपत्र्यांनी त्यातले 'पळायचंय' तेवढे ऐकले.

नावनोंदणीच्या दिवशी माशी शिंकली. मैदानावरच्या मांडवात स्पर्धा समितीचे सचिव शिक्का आणि शाईची डबी मांडून बसले होते. पिल्लू रांगेत उभा राहिला आणि टेकडीवरच्या शाळेचे सर पुढे आले. त्यांच्या शाळेकडे ह्या शर्यतीची ढाल गेली कित्येक वर्षे मुक्कामाला होती.

"हा मुलगा आहे, का मुलाला सोडायला आलेला?" ते म्हणाले. "माझी हरकत आहे. लेखी."

सचिवांनी पिल्लूकडे पाहिले, हरकतीकडे पाहिले, आणि जोडपत्र्यांकडे पाहून दोनच शब्द उच्चारले. "पुरावा आणा."

हे दोन शब्द जोडपत्र्यांनी उभ्या जन्मात हजारो लोकांना ऐकवले होते, पण टेबलाच्या पलीकडून. अलीकडून ऐकताना त्यांची चव फारच निराळी लागली.

जन्माचा दाखला मिळवायचा म्हणजे जन्मनोंदणी कार्यालय. तिथल्या खिडकीने त्यांना शेजारच्या खिडकीकडे पाठवले. शेजारच्या खिडकीने 'मुलाला समक्ष आणा' म्हणून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पिल्लूला घेऊन गेले, तर खिडकीतल्या बाईंनी पेन पिल्लूच्या हातात दिले. "इथे पालकांची सही करा. आणि मुलाला का नाही आणलंत?" मग जोडपत्र्यांकडे बघून, "आजोबांना बसू द्या तिकडे बाकावर." जोडपत्रे बसले नाहीत. ताठ उभे राहून त्यांनी सही केली, आणि ती इतकी जोरात केली की खालच्या कागदावरही उमटली. दाखला मात्र मिळाला. स्वच्छ, गोल शिक्क्याचा, आणि त्यावरच्या जन्मतारखेने पिल्लूचे वय लखलखीत तेरा.

खरे म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्या घरी संपलीही असती. पण त्यांच्या वरच्या मजल्यावर माहितीकाका राहत होते.

माहितीकाका बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांचे प्रत्येक वाक्य 'माझ्या माहितीत' असे सुरू होई. "माझ्या माहितीत एक मुलगा होता," ते म्हणाले, "त्याची मिशी काढली आणि माणूस बदलला. आधी मिशी काढा. समितीपुढे दाखला वाचला जातो, पण पाहिलं जातं ते तोंड."

म्हणून रविवारी सकाळी जोडपत्र्यांनी पिल्लूला आरशापुढे उभे केले. हात हलका कसा धरायचा हे दाखवताना त्यांनी स्वतःची हनुवटी कापून घेतली. पिल्लूने मात्र बापाच्या गालावरचा साबण बघत बघत, जीभ बाहेर काढून, फार जपून मिशी उतरवली. तो एवढा एकाग्र झाला होता की क्षणभर जोडपत्र्यांना बुटांची नाडी बांधायला शिकणारा पिल्लू आठवला आणि त्यांना उगाच भरून आले. कापूस लावून दोघे बाहेर आले. आईने पाहिले.

"कसा दिसतो?" जोडपत्र्यांनी विचारले.

"मिशीत कॉलेजातला वाटत होता," आई म्हणाली. "आता कर्ज मंजूर करणारा साहेब वाटतो."

माहितीकाका मात्र हटले नाहीत. "मग एकच उपाय. माझ्या माहितीत हल्ली मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडावरून वय सांगतात, अचूक. हाड खोटं बोलत नाही."

जोडपत्र्यांच्या डोळ्यांत चमक आली. दाखल्याला एक जोडपत्र! तेही आतून काढलेले, हाडाचे!

"अहो, दाखला मिळालाय ना?" आई म्हणाली. "त्यांनी दाखला मागितला, दाखला द्या. विचारलं नाही ते सांगायला कशाला जायचं?"

"पुरावा कमी पडतो," जोडपत्रे म्हणाले, "जास्त कधी..."

"होत नाही. ऐकलंय लग्नापासून."

एक्स-रे काढला. अहवाल बंद पाकिटात आला. पिल्लू म्हणाला, "बाबा, उघडून बघू या?" पण जोडपत्र्यांनी नकार दिला. बंद पाकिटाला वजन असते. उघडलेले पाकीट म्हणजे नुसता कागद, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवले होते. ते पाकीट त्यांनी दाखल्यामागे जोडले, टाचणी दोनदा लावली आणि फाइल घेऊन सचिवांपुढे उभे राहिले.

सचिवांनी दाखला वाचला. मान हलवली. शिक्का उचलला, शाईत बुडवला, कागदावर आणला, आणि दाखल्याखाली जाडसर काहीतरी लागले म्हणून थांबले. "हे काय?"

"पुरवणी पुरावा," जोडपत्रे विनयाने म्हणाले.

सचिवांनी पाकीट फोडले. वाचले. शिक्का परत डबीत ठेवला.

"हाडांचं वय सोळा," ते म्हणाले.

जोडपत्र्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. दोन्ही प्रकारे सोळाच येत होते.

"पण दाखल्यात तेरा आहे!"

"दाखला तेरा म्हणतो, हाड सोळा म्हणतं. मी कुणाचं ऐकू?"

"दाखल्याचं ऐका. शर्यतीत मुलगा पळणार आहे, हाड नव्हे."

"हाड घरी ठेवून पळणार का?" सचिव म्हणाले. मग थोड्या सहानुभूतीने पुढे वाकून म्हणाले, "साहेब, हे जोडलं नसतंत तर शिक्का मारून झाला होता की हो. हवेत होता माझा हात."

त्या दिवशी घरी जोडपत्र्यांनी चहा घेतला नाही. आईने सगळे ऐकून घेतले, हातातली भाजी निवडून संपवली, आणि मग एवढेच म्हणाली, "ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण." रात्रभर जोडपत्र्यांच्या मनात भलतेच येत राहिले. तीन वर्षे गेली कुठे? पोराला काही आजार तर नाही? माहितीकाका जिन्यातून, "माझ्या माहितीत एकाची दवाखान्यात अदलाबदल झाली होती," असे सांगून गेले, त्याने तर झोपच उडाली.

सकाळी उठल्या उठल्या ते पिल्लूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्या बाई पिल्लूला पाळण्यापासून ओळखत होत्या. त्यांनी अहवाल पाहिला, पिल्लूला तपासले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले.

"खणखणीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग सोळा?"

"अहो, प्रत्येकाच्या अंगात वाढीचं एक घड्याळ असतं. कुणाचं पुढे पळतं, कुणाचं मागे रेंगाळतं. ह्याचं पुढे आहे, एवढंच. एक्स-रेत हाड किती पिकलंय ते दिसतं, वाढदिवस किती झाले ते दिसत नाही. वाढदिवस तेराच झालेत. मीच टोचलीयत ना सगळी इंजेक्शनं."

"माझा मित्र एवढासा आहे," पिल्लू मध्येच म्हणाला. "त्याचं घड्याळ बिघडलंय का?"

"त्याचं मागे असेल. दोन्ही चालू आहेत. चार-पाच वर्षांनी दोघंही एकाच वेळेला येऊन बसतात बघ."

"पण मग ह्याला दम का लागतो?" जोडपत्र्यांनी विचारले. "एवढा दांडगा दिसतो..."

"दिसतो म्हणूनच तुम्ही सगळे फसताय. अंग वाढलं तसं पळताना वाहायचं वजनही वाढलं. मोठा दिसला म्हणजे दमही मोठाच असेल, असं नसतं. रोज थोडं, मजेत पळू दे. ओरडून दम वाढत नाही." मग त्यांनी जोडपत्र्यांकडे निरखून पाहिले. "तुम्ही जिना चढून आलात त्याला किती वेळ झाला?"

"झाला की बराच."

"अजून धापा टाकताय. तुम्हीपण जात जा ह्याच्याबरोबर."

बाईंनी दिलेली चिठ्ठी घेऊन जोडपत्रे पुन्हा सचिवांकडे गेले. सचिवांनी ती आदराने वाचली. "अगदी पटण्यासारखं आहे. समितीच्या बैठकीपुढे ठेवतो."

"बैठक कधी?"

"शर्यतीनंतर."

"शर्यतीनंतर काय उपयोग?"

"शर्यतीच्या आधी बैठक घेतली तर शर्यतीची तयारी कोण करणार?"

जोडपत्र्यांनी मान डोलावली. ह्याच धाटणीची उत्तरे त्यांनी स्वतः इतकी दिली होती की त्यात कुठे फट नसते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

"एक करता येईल," सचिव म्हणाले. "स्पर्धेबाहेर पळू द्या. छातीवर क्रमांक नाही, निकालात नाव नाही. पळायला मिळेल, बास."

ह्या अपमानाने जोडपत्रे पेटून उठले. स्पर्धेबाहेर! त्यांचा मुलगा! संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले, भोके पाडायचे यंत्र काढले आणि स्पर्धेवर बहिष्कार घालून वरच्या समितीकडे दाद मागणारा अर्ज लिहायला घेतला. सोबत दाखला, अहवाल, चिठ्ठी, टोचल्याच्या नोंदी आणि पिल्लूचे पाळण्यातले छायाचित्र.

"बाबा," पिल्लू दारात उभा राहून म्हणाला, "तो अर्ज नका पाठवू."

"तू मध्ये बोलू नकोस. प्रश्न तुझ्या मानाचा आहे."

"मला मान नकोय." त्याचा आवाज खर्जात सुरू झाला होता, पण मध्येच फुटला आणि एकदम बारीक झाला. गेल्या वर्षीचा, हरवलेला आवाज. "मला फुटाण्याबरोबर पळायचंय. बाकावर आम्हाला वेगळं केलं. खेळात मला घेत नाहीत, काका म्हणतात. बसमध्ये हसतात. मी मुद्दाम वाढलो का बाबा? ही एकच जागा राहिली होती, तिथे मी आणि तो एकत्र असतो. मला नंबर नको. शेवटचा आलो तरी चालेल. मला फक्त त्याच्याबरोबर सुरुवात करायचीय."

आणि तो एवढा थोरला मुलगा दाराच्या चौकटीला डोके टेकून हमसून हमसून रडू लागला. जोडपत्र्यांच्या काळजाचे पाणी झाले. पोर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते, आणि ते मात्र जगभरातून त्याच्या वयाचे दाखले गोळा करत हिंडत होते. हे तेरा वर्षांचे रडणे घरातच होते. ते तेवढे त्यांना दिसले नव्हते. त्यांनी फाइल मिटली. उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर हात पोहोचेना. त्यांनी टाचा उचलल्या.

"पळ," ते म्हणाले. "त्याच्याबरोबरच पळ."

शर्यतीच्या दिवशी जोडपत्रे मैदानावर रिकाम्या हातांनी आले. फाइल घरी होती. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले आणि पाहुण्यांसारखे फिरू लागले. फुटाण्याच्या छातीवरचा क्रमांक थेट त्याच्या बेंबीपर्यंत आला होता. पिल्लूची छाती कोरी. टेकडीवरच्या शाळेचे सर दुर्बीण घेऊन आले होते.

शिट्टी वाजली. पहिली फेरी दोघे अगदी बरोबरीने पळाले. पिल्लूची एक ढांग म्हणजे फुटाण्याच्या दोन, पण दोघे काहीतरी बोलत होते आणि हसत होते. पीटीचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, गप्पा काय मारताय!" दुसऱ्या फेरीत पिल्लूचे तोंड लाल झाले. त्याने हाताने 'जा' अशी खूण केली. फुटाण्याने मान हलवून नाही म्हटले. पिल्लूने त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि फुटाणा सुटला तो सुटलाच. मग एकेक करून सगळी मुले पिल्लूच्या पुढे गेली. शेवटी तर एक चष्मेवाला मुलगा, चष्मा हाताने धरून पळत होता, तोही गेला.

जोडपत्रे दोरीच्या बाहेरून कधी पळू लागले, ते त्यांनाही कळले नाही. शर्ट बाहेर आला होता, चष्मा नाकावर उड्या मारत होता. "हळू! हळूच पळ! मजेत!" ते ओरडत होते. शर्यतीत मुलाला 'हळू' असे ओरडणारा त्या मैदानावरचा तो पहिलाच बाप असावा.

फुटाणा दुसरा आला. पहिला आला तो टेकडीवरच्या शाळेचा मुलगा. पण फुटाणा पाणी प्यायला गेला नाही. रेघ ओलांडून तो तसाच उलटा फिरला, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पिल्लू एकटाच पाय ओढत होता तिथे गेला आणि त्याच्या शेजारून पुन्हा पळू लागला. दोघे मिळून आले. पिल्लू सर्वांत शेवटी आला, गवतावर आडवा पडला, आणि आभाळाकडे बघत हसू लागला. इतक्या दिवसांत तो असा हसला नव्हता.

टेकडीवरच्या शाळेचे सर दुर्बीण खाली ठेवून सचिवांकडे गेले. ढाल पुन्हा त्यांच्याकडेच जाणार असल्यामुळे त्यांचे मन मोठे झाले होते. "माझी हरकत मी मागे घेतो."

"का?" सचिव म्हणाले.

"अहो, सोळा वर्षांचा मुलगा असा पळतो का? हा तेराचाच आहे. माझ्या मते बारा."

हे ऐकून चिडावे की त्यांना मिठी मारावी, हे जोडपत्र्यांना ठरवता येईना. त्यांनी दोन्हीच्या मधला मार्ग काढला आणि त्यांचा हात इतका वेळ हलवत राहिले की सरांना तो सोडवून घ्यावा लागला. सचिव म्हणाले, "लेखी द्या." सरांनी लेखी दिले. सचिवांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला, आणि ह्या वेळी त्याखाली काही जोडलेले नाही ह्याची खात्री करून तो दाणकन मारला. निकालाच्या कागदावर अगदी तळाशी पिल्लूचे नाव चढले. अधिकृतरीत्या शेवटचा. जोडपत्र्यांनी ते नाव तीनदा वाचले. घराण्यातले पहिलेच क्रीडायश होते ते.

परतीच्या बसमध्ये मागच्या लांब बाकावर तिघे बसले. फुटाणा खिडकीशी, मध्ये पिल्लू, कडेला जोडपत्रे. बस सुटते न सुटते तोच पिल्लूला झोप लागली. बापाच्या खांद्यावर डोके टेकायला त्याला मान पार दुमडून घ्यावी लागली होती. तोंड उघडे होते, बापाच्या शर्टावर लाळ गळत होती, आणि मुठीत फुटाण्याच्या छातीवरचा कागदी क्रमांक चुरगळला होता.

कंडक्टर आला. तोच. जोडपत्र्यांनी काखेत फाइल शोधली. दाखला घरी टेबलावर होता.

"एक फुल," ते म्हणाले आणि अडखळले. सांगून टाकावे का, एकदाचे दोन फुल म्हणून?

कंडक्टरने वाकून पिल्लूकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग यंत्राची घरघर होऊ नये म्हणून ते पोटाशी दाबून धरत तो हळूच म्हणाला, "आणि दोन हाफ."

"पुरावा..." जोडपत्रे सवयीने पुटपुटले.

"झोपलंय की लेकरू," कंडक्टर म्हणाला. "उठवू नका."

बस चालत राहिली. जोडपत्र्यांचा खांदा हळूहळू बधिर झाला, मग मुंग्या आल्या, मग तो खांदा आपला आहे की नाही तेही कळेना. तरी ते हलले नाहीत.

"काका," फुटाणा खिडकीतून बघत म्हणाला, "आपला स्टॉप गेला."

"जाऊ दे," जोडपत्रे म्हणाले. "पुढच्याला उतरू."

"साहेब," कंडक्टरने पुढून आवाज दिला, "तिकीट इथपर्यंतच होतं हं."

"मग द्या की पुढचं!" जोडपत्रे म्हणाले. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "एक फुल, दोन हाफ!"

पिल्लू झोपेत चुळबुळला. जोडपत्र्यांनी चटकन आवाज खाली आणला आणि मोकळ्या हाताने खिशातले पैसे चाचपू लागले.